दहाव्या प्रश्नाचं उत्तर

एकनाथराव पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना पेशंट समजलेच नाही. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला शाईचं पेन, हातात कापडी पिशवी. मला वाटलं, कुणाचे तरी वडील सोबतीला आलेत. प्रत्यक्षात सोबतीला आली होती त्यांची मुलगी हर्षदाताई, आणि आजारी हेच होते. वय बहात्तर. बायको चतुराबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून झोप, जेवण, बोलणं एकेक करत सुटत गेलं. दोन औषधं बदलून झाली होती, गुण काही येत नव्हता.

नामपल्लीजवळच्या एका दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर आमचं काम चालतं. डिप्रेशनवरच्या एका नव्या गोळीची तपासणी. जुन्या औषधाला जोड म्हणून अर्ध्या लोकांना खरी गोळी द्यायची, अर्ध्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. कुणाला कोणती मिळाली हे मलाही माहीत नसतं आणि डॉक्टरांनाही नाही. गुण येतो की नाही हे कळायला रक्त काढून भागत नाही. माणसाला विचारावंच लागतं. म्हणून दर दोन आठवड्यांनी दहा प्रश्न विचारायचे, आणि प्रत्येक उत्तराला शून्य ते सहा आकडा द्यायचा. आकडा जितका मोठा तितका आजार मोठा. दहावा प्रश्न असा की जगणं नकोसं वाटतं का, मरणाचे विचार येतात का. पहिल्या नऊ प्रश्नांत चूक झाली तर हिशेब चुकतो, दहाव्यात झाली तर माणूस जातो. हे मला प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि मी वहीत लिहूनही घेतलं होतं. वहीत लिहायला काय लागतं!

सुरुवातीची तपासणी डॉक्टर अप्पारावांनी स्वतः केली. ते तेलुगू माणूस, हे मराठी, त्यामुळे दोघं उर्दूत बोलले. मी कोपऱ्यात बसले होते. दहाव्या प्रश्नाला एकनाथराव खिडकीबाहेर बघत सहज म्हणाले, “हाँ डॉक्टर साब, ख़याल तो आता है. लगता है बस, हो गया. मगर करूँगा कुछ नहीं.” डॉक्टरांनी दोन लिहिले. एकूण बेरीज साठापैकी चौतीस.

त्यानंतर नियम आडवा आला. प्रश्न पेशंटच्या मातृभाषेत विचारावेत असं अभ्यासाच्या कागदात छापलंय, आणि मातृभाषेच्या रकान्यात एकनाथरावांनी सुंदर अक्षरात ‘मराठी’ असं लिहिलं होतं. दवाखान्यात मराठी म्हणजे मी एकटी. त्रिवेणी, राहणार कुकटपल्ली, आजोबा बिदरकडचे शेतकरी. घरी मराठी बोलते, पण शाळेत कधी शिकले नव्हते. डॉक्टर खूश झाले. आपल्या भाषेतली, आपल्या माणसांतली मुलगी मिळाली, आता म्हातारा मन मोकळं करेल, असं ते म्हणाले. मलाही तसंच वाटलं. आम्ही दोघंही शिकलेले शहाणे.

पहिल्याच खेपेला फजिती झाली. मराठी प्रश्नपत्रिका मी अडखळत वाचायला लागले. ‘औदासीन्य’वर जी अडकले ती अडकलेच. एकनाथरावांनी कागद हळूच स्वतःकडे फिरवला, शब्दाखाली बोट धरलं आणि म्हणाले, “तोडून वाच बेटा. औ-दा-सीन्य. फिकीर नको करू, हा शब्द माझ्या ओळखीचा आहे.” दोन वर्षांत बाबा पहिल्यांदा थट्टा करताहेत, असं हर्षदाताई मला बाहेर म्हणाली.

मग ते शिकवणीच करायला लागले. वेळेआधी अर्धा तास यायचे, मला चार ओळी वाचायला लावायचे, ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे. आज मी हे जे सरळ लिहिते आहे ते त्यांच्यामुळे. त्यांची नोकरी नोंदणी खात्यात गेली. निजामाच्या काळातले उर्दू दस्त वाचायचे आणि त्यांचं इंग्रजी भाषांतर करायचं, चौतीस वर्षं. कुणाची वाटणी, कुणाचं मृत्युपत्र, कुणाची फसवणूक. सगळ्या गावाची दुःखं त्यांनी उर्दूत वाचली, आणि संध्याकाळी सुलतान बाजारच्या घरी जाऊन मराठीत फक्त भाजी कोणती केली ते विचारलं. हे त्यांनीच मला हसत सांगितलं होतं. त्या हसण्यात केवढी माहिती होती हे मला तेव्हा कळलं असतं तर!

दुसऱ्या आठवड्यात बेरीज सव्वीस झाली, चौथ्यात सतरा, सहाव्यात नऊ. झोप? “लागते की.” जेवण? “हर्षदा करते, मी जेवतो.” दहावा प्रश्न मी दर वेळी खाली बघून विचारायचे, कारण वडिलांच्या वयाच्या माणसाला असलं काही विचारताना मला लाज वाटायची. ते म्हणायचे, “छे गं बेटा, असं काही नाही. पुढचं विचार.” पुढचं काही नसायचं, तोच शेवटचा प्रश्न होता. मी शून्य लिहायचे. सहाव्या आठवड्यात तर ते म्हणाले, “तुझं काम चांगलं चाललंय ना? तुझे साहेब खूश आहेत ना?” मी म्हटलं, “तुमच्यामुळे खूश आहेत काका.” खरंच म्हटलं. याहून मोठी चूक मी आयुष्यात केली नसेल.

अप्पाराव डॉक्टरही त्यांना बघायचे, पण माझा कागद हातात धरून. नऊ आकडा बघितला की समोरच्या माणसाला वेगळं काय विचारायचं? पाठीवर हात ठेवायचे, “बहुत अच्छे, साब,” म्हणायचे. एकनाथराव हात जोडायचे.

सातव्या आठवड्यात एका मंगळवारी एकनाथरावांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. कसं, ते मी लिहिणार नाही. ते वाचून कुणाचंच भलं व्हायचं नाही.

असं काही घडलं की चोवीस तासांत गोळीच्या कंपनीला कळवावं लागतं. मी अर्ज भरायला बसले. शेवटची बेरीज किती? नऊ. दहाव्या प्रश्नाचं उत्तर? शून्य. गोळी सुरू झाल्यापासून पेशंटने असा विचार कुणापाशी बोलून दाखवला होता का? मी ‘नाही’ लिहिलं आणि पाणी प्यायला बाहेर आले. लिफ्टपाशी बाकावर आमचे वॉचमन वाजिद मियाँ बसले होते. डोळे लाल. एकनाथराव अर्धा तास आधी यायचे ते माझ्यासाठी, असं मी समजत होते. त्याच्याही अर्धा तास आधी येऊन ते या बाकावर बसायचे, ते मला ठाऊक नव्हतं.

“साब हर बार बोलते थे अम्मा,” वाजिद मियाँ म्हणाले. “वाजिद भाई, अब मेरेकू रहने का नक्को. खाना मिट्टी लगता. रात कू नींद नै. बीबी के पीछे जाने का है बोलते थे.”

“तुम्ही मला का नाही सांगितलं?” मी मराठीतच ओरडले. त्यांना समजलं.

“मैं समझा आपकू मालूम है. आप तो कागज लेके पूछते थे ना.”

मी त्यांच्यावर रागावले, आणि तो राग अजूनही पूर्ण गेलेला नाही, पण त्यात त्यांची काय चूक? त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, “अल्ला पे छोडो साब” म्हणून हात धरला. विचारण्याचा पगार मला मिळतो आणि उत्तर मिळालं त्यांना.

मला माझ्या आईने लहानपणापासून शिकवलंय, लेकीबाळींपुढे अभद्र बोलू नये, मुलगी घरातून निघताना तिच्या जिवाला घोर लावू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकनाथरावांच्या घरात याहून वेगळं काय शिकवलं असणार? मी काका म्हटलं, त्यांनी बेटा म्हटलं, आणि तिथेच मामला संपला. अप्पाराव डॉक्टर परके होते, वाजिद मियाँ परके होते. त्यांच्याशी मरणाबद्दल बोलता येत होतं. आम्ही नियमाने मातृभाषा शोधली आणि बरोबर त्या माणसाला खुर्चीवर बसवलं, ज्याच्यापुढे ते तोंड उघडणार नव्हते.

कंपनीच्या बाईंना मी फोनवर सगळं सांगितलं. म्हटलं, ते आकडे खोटे आहेत, बदला. त्या शांतपणे म्हणाल्या की पेशंटने जे सांगितलं तेच तुम्ही लिहिलं, मग त्यात बदल करता येत नाही. मृत्यूची नोंद वेगळ्या तक्त्यात होईल. वाजिद मियाँचं बोलणं जोडपत्र म्हणून लावता येईल. त्या वाईट बाई नाहीत. पण याचा अर्थ असा की सहा आठवड्यांच्या तक्त्यात एकनाथराव ‘गुण आला’ या रकान्यात बसलेत, आणि त्यांना मिळालेली गोळी खरी असेल, तर तिला उद्या बाजारात आणायला त्यांचा तो नऊ कामी येईल. अप्पाराव डॉक्टरांनी आता वयस्क पेशंटला दहावा प्रश्न दोघांनी, दोन भाषांत विचारायचं ठरवलंय. चांगलं केलं. मी त्यावर पहिली सही केली.

तेराव्यानंतर मी सुलतान बाजारात हर्षदाताईकडे गेले. जाऊ नकोस, असं मला दवाखान्यात सांगितलं होतं. तिने पाणी दिलं, समोर बसली. म्हणाली, “तुझ्याकडे यायच्या दिवशी बाबा पहाटे उठून दाढी करायचे. स्वतः शर्टाला इस्त्री करायचे. मला विचारायचे, आज त्रिवेणीला काय चांगलं सांगू गं? मला वाटायचं, पोरीमुळे माणूस परत उभा राहतोय.”

मग तिने विचारलं, “शेवटी शेवटी बरे होते ना गं? तुझ्या कागदावर तसंच होतं ना?”

तिला हो हवं होतं. एक शब्द बोलून मी उठू शकले असते, आणि तिला निदान झोप तरी लागली असती. पण त्या घरात तेवढंच तर सगळेजण आजवर करत आले होते.

“कागदावर होते, ताई,” मी म्हणाले. “मला बरं वाटावं म्हणून ते खोटं सांगत होते. मला कळलं नाही.”

तिने माझ्यापुढचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. रडली नाही.

“तुझ्या जागी कुणी परकं बसलं असतं, तर बोलले असते?”

“हौ ताई,” मी म्हणाले. “बोलले असते.”