तळ्याच्या वाटेवरचं फाटक

टपालवाल्या वहिनींनी उभी हयात पायी काढली. टेकडीपलीकडच्या वस्त्यांवर पत्रं पोचवायची आणि परतताना तळ्याकाठी घटकाभर टेकायचं, हा त्यांचा शिरस्ता. निवृत्तीच्या तोंडावर पाठीच्या कण्याचं दुखणं निघालं, ऑपरेशन झालं आणि पाय गेले ते गेलेच. चाकाच्या खुर्चीशी त्यांनी लवकर जुळवून घेतलं. घरात, बाजारात त्या भिरभिर फिरू लागल्या. जीव मात्र तळ्यात अडकलेला.

तळ्याची वाट एका कुरणातून जायची. कुरणाच्या तोंडाशी आडवे ओंडके होते. माणसानं टांग टाकून पलीकडे जावं, गुरांनी आतच अडावं, अशी सोय. खुर्चीला ती भिंतच.

"मी उचलून नेतो की," नवरा म्हणाला.

"पोत्यासारखी? नको. माझी मी जाईन."

धाकट्या दिराचं वेल्डिंगचं दुकान पलीकडच्याच गल्लीत. वहिनी थेट तिथे गेल्या. "भाऊजी, एक फाटक करून द्या."

"देतो. पण कुरणवाला ऐकेल?"

दोघं जाऊन भेटले, पण कुरणवाला ऐकेना. "लोक फाटक उघडं टाकून जातात. गाई रस्त्यावर आल्या तर निस्तरायचं कोणी?"

वहिनींना राग आला, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. घर जवळ आल्यावर दिराला म्हणाल्या, "आपोआप मिटणारं करा."

हे मात्र कुरणवाल्यानं मान्य केलं. दिरानं बिजागऱ्या किंचित तिरप्या बसवल्या, म्हणजे फाटक स्वतःच्याच वजनानं मिटेल. मिटलंही, पण वहिनींच्या चाकावर. त्या अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर.

"फाटक केलंत की उंदराचा सापळा?"

दीर हसून हसून खाली बसला. मग खुर्ची मागून घेतली आणि तिच्यात बसून स्वतःच ये-जा करून पाहिली. दोनदा कोपर सोलल्यावर त्यानं फाटक रुंद केलं, कडी हाताशी आणली, मिटणं सावकाश केलं.

कुरणवाला काही दिवस लांबून बघत राहिला. एकही गाय बाहेर पडली नाही. मग एका सकाळी वाटेवरचे दगड वेचून, मुरूम दाबून बसवताना तो दिसला. "गाईंच्या खुरांनाही बरं," एवढंच म्हणाला.

वहिनी एकट्या निघाल्या. नवरा फाटकाशी थांबला, जीव मुठीत धरून. चढावर त्या दमल्या, थांबल्या, पुन्हा रेटा दिला. तळं पूर्वीपेक्षा लहान वाटलं, पण वारा तसाच होता. त्या कितीतरी वेळ नुसत्या बसून राहिल्या.

मागून बाबागाडी ढकलत एक तरुण आई आली, तिच्यासोबत काठी टेकत तिचे सासरे.

"आम्हाला वाटलं, इथवर येणं आता जमायचं नाही," म्हातारबाबा म्हणाले. "पुढेही जाता येतं का हो?"

"वस्तीच्या अलीकडे तसेच ओंडके आहेत," वहिनी म्हणाल्या. "भाऊजींना अजून सांगितलेलं नाही. आज जेवायला बोलावलंय त्यांना."