उन्हाच्या भिंतीवरचं कापड

धुळ्याहून निघालेली एसटी पारोळा, एरंडोल करत जळगावला पोचली तेव्हा अक्का स्थानकात माझी वाट बघत उभी होती. ती माझी थोरली बहीण, लग्नानंतर रावेरची झालेली. घरची केळीची बाग सोडून ती सहसा कुठे जात नाही. आज आली होती ती लेकीनं विणलेलं कापड बघायला.

माझी भाची अश्विनी बडोद्याला कला शिकली. घरच्याच केळीच्या खांबांचा धागा काढून तिनं एक भलंमोठं कापड विणलं आणि मंजिष्ठेच्या मुळांच्या रंगात बुडवून गडद लाल केलं. जळगावबाहेर नव्यानं उभ्या राहिलेल्या कलासंग्रहालयानं ते घेतलं. उद्घाटनाला मी एकटाच गेलो. अश्विनी तेव्हा रक्ताच्या आजारानं अंथरुणाला खिळली होती आणि अक्का तिच्या उशाशी होती. पुढे अश्विनी गेली. अक्कानं ते कापड विणून झाल्यावर कधी पाहिलंच नव्हतं.

जेवून घेऊ म्हटलं. भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) मागवली. अक्कानं दोन घास कसेबसे खाल्ले आणि ताट सरकवलं.

रिक्षा पिंप्राळा ओलांडून मोकळ्या माळाला लागली. "त्या बिनखिडकीच्या बिल्डिंगीत ना?" रिक्षावाल्यानं विचारलं. "लांबून लांबून लोक येतात. आत काय आहे ते मात्र कुणी सांगत नाही."

कपाशीच्या शेतांपलीकडे काळ्या दगडाची आणि काँक्रीटची ती वास्तू दिसली. एकही खिडकी नाही. अक्का जरा वेळ बघत राहिली. "भाऊ, हाई घर शे का कारखाना?" (हे घर आहे की कारखाना?)

आत गारवा होता, पावलांचा आवाज घुमत होता. ज्यासाठी ही वास्तू नावाजली गेली ते दालन सगळ्यात शेवटी आहे. तिथं छताला या टोकापासून त्या टोकापर्यंत अरुंद फट ठेवली आहे. तिच्यातून उतरलेला उन्हाचा पट्टा दुपारभर भिंतीवरून सरकत जातो. दालनात बरीच तरुण मुलंमुली त्या उजेडात उभी राहून फोटो काढत होती.

त्याच भिंतीवर अश्विनीचं कापड होतं. मी आधी ओळखलंच नाही. लाल रंग फक्त कडांना उरला होता. मधोमध, जिथून रोज ऊन जायचं तिथं, ते वाळल्या पाचोळ्यासारखं झालं होतं. धागे तुटून लोंबत होते. खाली फरशीवर तुसं पडली होती.

अक्कानं हात पुढे केला.

"आजी, हात लावायचा नाही!" पहारेकरी ओरडला.

तिनं हात मागे घेतला. "मन्ही पोरनं काम शे," ती म्हणाली. (माझ्या मुलीचं काम आहे.)

पहारेकऱ्यानं आतून एका तरुण अधिकारी बाईंना बोलावून आणलं. मी ओळख सांगताच त्यांचा चेहरा उतरला. "मी दोनदा वर कळवलंय, काका. फट झाकू देत नाहीत. वास्तूचं तेच वैशिष्ट्य आहे म्हणतात."

"मग कापड दुसरीकडे लावा."

"ते याच भिंतीसाठी घेतलंय. मला हलवता येत नाही."

"माले दी द्या," अक्का म्हणाली. "मी घर लई जासू." (मला देऊन टाका. मी घरी घेऊन जाईन.)

"मावशी, ते आता संग्रहालयाचं आहे." बाई म्हणाल्या.

उन्हाचा पट्टा सरकत सरकत कापडावर आला. अक्का पुढे झाली, भिंतीला पाठ करून उभी राहिली आणि पदराची दोन टोकं धरून दोन्ही हात डोक्यावर उचलले. सावली जेमतेम खालच्या अर्ध्या भागावर पडली. वर ऊन तसंच होतं.

"आंटी, जरा बाजूला व्हाल? फोटो घ्यायचाय," एक मुलगी म्हणाली. अक्का हलली नाही. पहारेकरी पुढे आला, पण त्या बाईंनी त्याला हातानं थांबवलं. मी अक्काशेजारी जाऊन उभा राहिलो. तिचे हात खाली येऊ लागले तेव्हा पदराचं एक टोक मी धरलं. ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो.

परतताना अक्का एवढंच बोलली, "बठ्ठा लोके भितडाना फोटू काढी ऱ्हायनात." (सगळे लोक भिंतीचे फोटो काढताहेत.) भुसावळकडच्या गाडीत तिला बसवून मी धुळ्याची एसटी पकडली.

काही महिन्यांनी त्या बाईंचा फोन आला. कापड उतरवून पेटीत, तळघरात ठेवलंय. भिंत रिकामीच आहे, लोक अजून येतात. बघायचं असेल तर पेटी उघडून दाखवू.

मी अक्काला कळवलं.

"नको भाऊ," ती म्हणाली, "अंधारमा ऱ्हाऊ दे तिले."

माणसं लांबून बघायला येतात तो उजेड खरंच सुंदर आहे. मला पुन्हा तिथं जाववलं नाही.