कातरबाई आणि मैदानातले खिळे

आमच्या शाळेच्या पीटीच्या बाईंना कुणाचं कौतुक करणं जमत नसे. जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी चषक घेऊन समोर उभी राहिली, तरी त्या आधी तिच्या पायांकडे पाहायच्या आणि म्हणायच्या, "नखं काप." त्यांना 'कातरबाई' म्हणतात ते जिभेमुळे, असं नव्या मुलींना वाटायचं. खरं कारण त्यांचं गवत कापायचं यंत्र होतं.

हे यंत्र त्यांनी अमरावतीतल्याच एका भंगारवाल्याकडून उचललं होतं. दोन लोखंडी चाकं, त्यांच्यामध्ये पिळदार पात्यांचा पिंजरा आणि खाली एक आडवी, न हलणारी पट्टी. मोटर नाही, वायर नाही. माणसानं ढकललं की पाती फिरणार, आणि पातं व पट्टी यांच्यामध्ये आलेलं गवत कात्रीत सापडल्यासारखं कापलं जाणार. आणलं तेव्हा तो नुसता गंजाचा गोळा होता. बाईंनी तो डिझेलमध्ये भिजवला, तारेच्या ब्रशनं घासला, मागचा मोडका रूळ सुताराकडून बाभळीचा करून घेतला. पेट्रोलचं यंत्र घ्या, असं शिक्षकांच्या खोलीत सगळे सांगत. बाई म्हणायच्या, "ते गवत कापत नाई, झोडपते. तुमी पोरी शिकवता तसं."

आमच्या घरी पाहुण्याला पाण्याआधी पत्रक मिळायचं. वडील चळवळीतले. त्यामुळे नववीतच मला जगातलं सगळं कळत होतं. मी बाईंना ऐकवलं, "ही साहेबाच्या बंगल्याची निशाणी आहे. गुलामीची वस्तू तुम्ही तेल लावून जपता."

बाई बेअरिंगमध्ये ग्रीस भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माहा आजा भातकुलीहून येऊन साहेबाच्या बंगल्यावर असंच यंत्र ढकलत होता. हे हातात असलं तं गवतावर पाय ठेवू देत. सोडलं का गवताच्या बाहेर. आता यानं कापलेल्या गवतावर कोण लोळते?"

"आम्ही."

"मंग चूप बस अन् तो पाना दे."

शनिवारी शाळा सुटली की धारेची परीक्षा व्हायची. पट्टीच्या दोन्ही टोकांचे स्क्रू कसायचे आणि पात्याखाली कागद धरून पिंजरा हातानं फिरवायचा. कागद सरळ कापला तर धार ठीक, चावल्यासारखा झाला तर पुन्हा कसणं. या कामाला त्या माझ्या दप्तरातली पत्रकं घेत. "तुया बापाचा कागद चांगला असते. मजकुराचं मले माईत नाई."

मी कॉलेजात गेले तरी सकाळी मैदानावर जायची सवय सुटली नाही. त्याच काळात आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना मैदान दिसलं. तोवर त्यांना फक्त स्टेज दिसत असे. स्टेजवरून हे गृहस्थ 'मुली देशाचं भविष्य' असं दरवर्षी सांगत, आणि आता त्या भविष्याच्या पायाखालचं मैदान लग्नांसाठी भाड्यानं द्यायचं त्यांनी ठरवलं. आपल्याकडे ज्या जागेत गवताची काडी नसते तिला लॉन म्हणतात. आमच्याकडे खरं गवत होतं, तेच त्यांना सोसवेना.

"मैदान संध्याकाळी रिकामंच असते ना, बाई?" अध्यक्ष म्हणाले.

"तुमची खुर्ची बी रिकामीच असते. तिच्यात कोणाचं लग्न लावाचं?"

पहिलं लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई यंत्र घेऊन निघाल्या आणि थोड्याच अंतरावर खट्टकन आवाज झाला. गवतात मांडवाचा खिळा होता. पट्टीला खाच पडली होती. बाईंनी यंत्र बाजूला घेतलं, दोरीला लोहचुंबक बांधलं आणि सगळं मैदान फिरून आल्या. चुंबकाला खिळ्यांचा झुपका लोंबत होता. यंत्राला लागला नसता तर तो खिळा अनवाणी पळणाऱ्या एखाद्या पोरीच्या टाचेत गेला असता. बाईंनी खिळे अध्यक्षांना नेऊन दाखवले. ते म्हणाले, "पोरींना बूट घालायला सांगा."

त्या रात्री मी पत्रक लिहिलं. त्यात भांडवल होतं, बाजार होता, पुरुषसत्ता होती, शेवटी इतिहासाला आवाहनही होतं. सकाळी छाती पुढे काढून बाईंना दिलं. त्या खाचेवर ग्राइंडिंग पेस्ट लावून पिंजरा उलटा फिरवत होत्या. उलटा फिरवला की पाती आणि पट्टी एकमेकांवर घासून पुन्हा जुळतात. पत्रक अर्धं वाचून त्यांनी पात्याखाली धरलं. कागद चावला गेला.

"तुया पत्रकात निरं फिरतं पातं हाये," त्या म्हणाल्या. "आवाज लय. खाली पट्टीच नाई."

"म्हणजे काय लिहू?"

"अठी काय सापडलं थे लिही. वाचणारा कायवर आपटन, थे पाह्य."

मी रागानं घरी गेले आणि रागानंच दोन ओळी लिहिल्या. "या मैदानावर तुमच्या मुली अनवाणी खेळतात. लग्नानंतर इथं हे सापडलं." प्रत्येक पत्रकाला दोऱ्यानं एक वाकडा खिळा बांधला आणि शाळेच्या फाटकात पालकांच्या हातात दिला. कुणी वाद घातला नाही. एक सायकल दुरुस्तीवाले चाचा थेट कार्यालयात गेले, खिळा अध्यक्षांच्या टेबलाच्या काचेवर ठेवला आणि म्हणाले, "साहब, ये आपका है, हमारी बच्ची के पाँव में आनेवाला था." त्यांच्यामागे रांग लागली. आठवड्याभरात 'तूर्त स्थगिती'चा फलक लागला. बाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "तूर्तचं स्पेलिंग तरी बरोबर हाये."

बाई होत्या तोवर ती स्थगिती टिकली. निवृत्तीनंतर त्या अकोल्याला मुलाकडे निघाल्या, जठारपेठेत, तिसऱ्या मजल्यावर. सामान टेम्पोत चढलं, यंत्र खालीच राहिलं.

"हे तू ने," त्या मला म्हणाल्या.

"बाई, माझी एक खोली. गवत कुठंय माझ्याकडे?"

"गवत नाई तं नाई. कागद तं हाये."

पुढच्या वर्षी शाळेनं मैदानावर प्लास्टिकचं गवत अंथरलं. उद्घाटनाला अध्यक्षांनी चांदीच्या कात्रीनं फीत कापली. त्या हिरव्या गालिच्यावर कापण्यासारखं दुसरं काही नव्हतं. अमरावतीच्या उन्हात तो तव्यासारखा तापतो. मुली आता व्हरांड्यात दोरीच्या उड्या मारतात आणि मैदानाचे फोटो माहितीपुस्तिकेत छापून येतात.

यावर मी पत्रक लिहिलं, चांगलं दोन पानी. बाईंचं यंत्र माझ्या खोलीत आहे, परवाच त्याची पट्टी कसली होती, तेल घातलं होतं. पत्रक पात्याखाली धरलं तर चावलं गेलं. धारेचा दोष नव्हता. मग पुन्हा लिहायला बसले. उद्या फाटकात वाटणार आहे. एकच ओळ आहे: "पालकांनी दुपारी एक वाजता यावं, चपला फाटकाबाहेर काढाव्यात आणि या गवतावर उभं राहून दाखवावं."