देवळीच्या रस्त्यावरची खर्र-खर्र

बाळांनो, आठवडाभर आपल्या गाडीतून खर्र-खर्र असा आवाज येत होता. तुमच्या बाबाने तो व्हिडिओ कॉलवर ऐकला आणि तिथूनच निकाल दिला, "आई, गिअरबॉक्स गेला असेल तर गाडी सरळ विकायची. या वयात तुला जायचं कुठे असतं?"

मी हो म्हटलं. पण मला दर गुरुवारी देवळीला जायचं असतं. तिथे राहणाऱ्या माझ्या मोठ्या बहिणीला घराबाहेर पडवत नाही आणि बसच्या पायऱ्या आता मलाही चढवत नाहीत. गाडी गेली की आमचे गुरुवार गेले.

म्हणून मेकॅनिकला दाखवण्याआधी आवाज आपणच तपासायचा, असं ठरवलं. गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मी पहिल्या पानापासून वाचलेलं आहे. गुरुवारी पिपरी मेघेहून निघालो. मी चालवत होते, तुमचे आजोबा शेजारी वही घेऊन.

"लिहा. उभ्या गाडीत इंजिन वाढवलं, आवाज नाही."

"लिहिलं."

"आता चाळीसचा वेग. येतोय?"

"येऊन राह्यला."

रस्ता मोकळा पाहून क्लच दाबला. इंजिन शांत झालं, खर्र-खर्र मात्र चालूच. गाडी मंदावली तसा आवाजही मंदावला. म्हणजे तो इंजिनचा नव्हता, चाकांबरोबर फिरणाऱ्या कशाचा तरी होता. पण गिअरबॉक्स अजून संशयातून सुटला नव्हता. डावीकडे वळले की आवाज वाढे.

"हेही लिहा."

"मले वाटते, तू इतकी परीक्षा घेऊन राह्यली म्हणून बिचारी रडते," आजोबा म्हणाले.

मी एका शेताच्या कडेला गाडी थांबवली. वाकून खाली बघणं आम्हा दोघांनाही जमेना. शेतातून एक बाई आली.

"काऊन थांबल्या, मावशी?"

"खालून आवाज येतोय."

ती सरळ रस्त्यावर बसली, डाव्या चाकाच्या आत डोकावली आणि हसायलाच लागली. "अवो, हे तं सोयाबीनचं काड हाये! कोनाचं मळून आल्या?"

आजोबांनी वही मिटून माझ्याकडे पाहिलं. मग मला सांगावंच लागलं. मागच्या गुरुवारी मी एकटीच होते. गाड्यांच्या चाकांखाली मळणी व्हावी म्हणून एका शेतकऱ्याने अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन पसरलं होतं. त्याने हात केला, 'वरूनच न्या.' मी नेली. मागे पाहिलं तर निम्मं तसंच. अर्धवट काम मला खपत नाही, म्हणून गाडी मागे घेतली, पुन्हा पुढे नेली. असं तीनदा.

"आन् उशीर झाला तं मले म्हणे, रस्त्यात गर्दी होती!" आजोबा म्हणाले. "तापल्या सायलेन्सरनं काड पेटलं असतं तं?"

बाईने चाकाच्या दांड्याला गुंडाळलेली काडं ओढून काढली आणि दोन शेंगा माझ्यापुढे धरल्या. "तुमचं काम कच्चंच राह्यलं, मावशी. दाणे अजून आतच हायेत."

गाडी पुन्हा सुरू केली. चाळीस झाले, पन्नास झाले. मी आजोबांना तुमच्या बाबाला फोन लावायला सांगितलं. त्यांनी फोन खाली पायांपाशी धरला.

"आई, काहीच ऐकू येत नाहीये," तुमचा बाबा म्हणाला.

"तेच ऐकवतेय," मी म्हटलं. "देवळी येईपर्यंत ऐक."