टेमकर साहेबांचा हीट पंप आणि माझे पत्रे

श्री. अनंतराव टेमकर यांची नि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. चाकणच्या कारखान्यात मी आयुष्यभर मालाची तपासणी केली; खोट शोधणं हा माझा पेशा आणि खोडही. ताथवड्याच्या आमच्या सोसायटीत अंघोळीच्या पाण्यासाठी गच्चीवर हीट पंप बसवावा, असं साहेबांनी सभेत सुचवलं. म्हणाले, "एक युनिट विजेत जवळपास तीन युनिटांची उष्णता मिळेल." मी ताडकन उठलो. "फुकट कोण देतं हो? कुठेतरी पाणी मुरतंय!"

साहेब रागावले नाहीत. "गीझर वीज खाऊन उष्णता तयार करतो, भाऊ. हे यंत्र बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात सोडतं. तुमचा फ्रिज आतली उष्णता मागून बाहेर टाकतोच ना? वीज लागते ती या हमालीपुरती."

पटलं, पण विश्वास बसेना. यंत्र बसल्यावर ते कोणी पळवील, या धास्तीने मी त्याच्या चहूबाजूंनी पत्रे ठोकले, छप्पर घातलं, कुलूप लावलं. थंडीत पाणी कोमट येऊ लागलं. सभेत लोक साहेबांवर तुटून पडले. "कमिशन खाल्लं असणार," हे शब्द माझेच. त्या दिवसांत शेजारच्या आजारी काकूंना साहेब स्वतः बादलीने गरम पाणी नेऊन देत. मला त्यातही डाव दिसला!

एका सकाळी त्यांनी मला गच्चीवर नेऊन कुलूप उघडायला लावलं. आत नुसता गारठा. "उष्णता काढून घेतलेली हवा गार होऊन बाहेर पडते. कोंडल्यामुळे यंत्र तीच पुन्हा ओढतंय. त्यातून काय मिळणार?" आम्ही दोघांनी पत्रे उतरवले. संध्याकाळी पाणी कढत आलं.

सभासदांना साहेब एवढंच म्हणाले, "बसवताना माझी चूक झाली." या उपकाराची परतफेड ते कधी मागतात, याची मी डोळ्यांत तेल घालून वाट पाहिली. त्यांनी कधीच काही मागितलं नाही. मीही गप्प बसलो, आणि लिफ्टमध्ये लोक अजून म्हणतात, "टेमकरांनी तेव्हा घोळ घातला राव."

मंडळी, घोळ माझा होता. साहेबांनी त्यात पैही खाल्ली नाही.

साहेब, पंचाहत्तरी झाली, शंभरी निरोगी गाठा. पण येत्या सभेला नक्की या. हे लिहिणं सोपं गेलं. तुमच्यासमोर उभं राहून बोलायचं बाकी आहे.