बेबीताईची दाढ

भिलाईतल्या खुर्सीपारच्या त्या गल्लीत सकाळी पहिली फोडणी पडायची ती बेबीताईच्या घरी. रसमड्याच्या कारखान्यांत कामाला असलेली, घरदार लांब ठेवून आलेली पोरं तिच्याकडून डबे घ्यायची. ती भाजी करायची, पोळ्या लाटायची, मुलगी टीना डबे भरायची, आणि नवरा रामाजी ड्यूटीवर निघताना स्कूटरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवून ते घेऊन जायचा. पोरं म्हणत, "काकी, तुमच्या हातची वांग्याची भाजी खाल्ली की घरचा फोन करावासा वाटतो." बेबीताई हसायची. तिचं हसणं मोठं होतं, गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जायचं.

तुमसरकडच्या एका गावातून ती लग्न होऊन भिलाईत आली, तेव्हा रामाजीचा काका तिथल्या पोलादाच्या प्लांटात होता. प्लांटच्या सेक्टरमधलं त्याचं क्वार्टर, अंगणात पेरूचं झाड. आपलाही नवरा आज ना उद्या प्लांटात लागेल, आपल्यालाही असंच क्वार्टर मिळेल, असं तिनं धरून ठेवलं होतं. काका रिटायर झाला, क्वार्टर गेलं, रामाजी मात्र ठेकेदाराकडेच राहिला आणि शेवटी रसमड्याच्या एका भट्टीवर चिकटला. घरी यायचा तेव्हा कानाच्या पाळीपर्यंत काळा असायचा. त्याला पाणी काढून देता देता ती कितीदा तरी म्हणाली असेल, "तुमचं झालं ते झालं. माया पोरगा पीयूष त्या भट्टीवर जाणार नाही."

पीयूष हुशार होता. बारावीनंतर त्याला प्रवेश परीक्षेच्या कोचिंगला घातलं. तेव्हापासून घरातला प्रत्येक पैसा आधी कोचिंगकडे पाहायचा आणि मग बाकीच्यांकडे.

दाढ त्याच सुमाराला दुखायला लागली. उजवीकडची, खालची. आधी नुसता काळा ठिपका होता, मग खड्डा झाला. जेवताना शीत अडकलं की बेबीताई बांगडीतली पिन काढून ते टोकरून काढायची. लवंग धरून पाहिली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून पाहिल्या. एकदा शेजारची कलावती आली, तिनं कमरेच्या बटव्यातून गुडाखूची डबी काढली. तंबाखू आणि गुळाची ती काळी लुगदी तिकडे अर्ध्या बायका हिरड्यांना घासतात.

"घे वो, लाव. माई दाढ बी याच्यानंच थांबली होती."

बेबीताईला पहिल्यांदा गरगरलं, पण दाढ बधिर झाली. मग तिची तिनं डबी आणली. सकाळी एकदा, दुपारी एकदा. दुखणं थांबलं की दुखणं नाहीच असं तिला वाटायचं.

दाताच्या डॉक्टरकडे जायचं नाही असं तिनं कधी ठरवलं नव्हतं. ती तर दर वेळी जायचंच ठरवायची. पैसे बाजूला पडले की स्कूटरचं इंजिन बसायचं, नाहीतर कोचिंगचा हप्ता यायचा, नाहीतर गावाकडे कोणाचं तरी लग्न निघायचं. "पुढल्या महिन्यात पाहू," ती म्हणायची, आणि ते इतक्या सहज म्हणायची की ऐकणाऱ्यालाही ते खरं वाटायचं.

मग टीनाला पाहायला गोंदियाची माणसं आली. मुलगी पसंत होती, जाता जाता त्यांच्यातली एक बाई रामाजीला म्हणाली, "पोरगी चांगली आहे जी, पण दात समोर आहेत थोडे." टीना रडली वगैरे काही नाही. फक्त त्या दिवसापासून हसताना तिचा हात ओठांवर जायला लागला. बेबीताईनं ते दोन-चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी तिला ऑटोत घालून सिविक सेंटरला दाताच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण तरुण होती. टीनाचे दात पाहिले, तार बसवावी लागेल म्हणाली, खर्च सांगितला. बेबीताईनं मान हलवली. डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. "आंटी, आप गाल क्यों पकड़े हैं? दिखाइए."

तिनं टॉर्च मारून पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. "इसे मत छोड़िए. अंदर पस है. बचाना महँगा लगे तो निकाल देते हैं, निकालने में ज्यादा नहीं लगता. आज ही कर देती हूँ."

"मम्मी, करून घे ना," टीना म्हणाली.

बेबीताईच्या डोक्यात भराभर हिशेब फिरला. दाढ काढायचे पैसे म्हणजे एक सिलिंडर. आणि काढल्यावर दोन दिवस तरी चुलीसमोर उभं राहता येणार नाही. डबे चुकले की पोरं दुसरीकडे लागतात, परत येत नाहीत. आणि खरं सांगायचं तर त्या खुर्चीची, त्या चिमट्याची तिला भीतीही वाटली. पण ते ती कोणाला सांगणार?

"आज पोरीचं करा मॅडम. माझं पुढल्या महिन्यात."

टीनाच्या दातांना तार बसली. आणि उन्हाळा आला.

पीयूषची परीक्षा तोंडावर होती. एक दिवस बेबीताई उठली तर जबड्याखाली सूज होती, लिंबाएवढी. मेडिकलमधून गोळ्या आणून तिनं त्या चहाबरोबर गिळल्या, पदर हनुवटीखालून घेऊन डोक्यावर बांधला आणि कणीक मळायला बसली. दुसऱ्या दिवशी सूज गळ्यात उतरली. अंगात ताप. रामाजी म्हणाला, "दाखवून येऊ वो." ती म्हणाली, "पोराची परीक्षा होऊ द्या. घरात गडबड नको." तिसऱ्या दिवशी तिला थुंकी गिळता येईना. बोलली तर तोंडात काही धरून बोलल्यासारखा आवाज आला. डबे गेल्यावर घरची पोळी तव्यावर टाकली आणि तिथंच भिंत धरून ती खाली बसली. पीयूष आतून पुस्तक टाकून धावला. आईची जीभ वर उचलली गेली होती आणि श्वास घेताना शिट्टी वाजत होती.

पहिल्या दवाखान्यानं हात लावला नाही, मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले. मोठ्या दवाखान्यात तिला थेट आत घेतलं. शुगरही खूप वाढलेली निघाली. ती आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. गळ्याला चिरा देऊन पू काढला, श्वासासाठी नळी घातली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "दाँत का इन्फेक्शन है, गले में फैल गया."

निरोप मिळताच भट्टीवरून आलेला रामाजी तसाच काळा, ड्यूटीच्या कपड्यांत उभा होता. "दाताचं?" तो म्हणाला. त्याला हिंदी चांगली यायची, पण त्या क्षणी मराठीच निघाली. "दाताच्यानं माणूस मरते का साहेब?"

डॉक्टरांना शब्द कळले नसतील, प्रश्न कळला. ते म्हणाले, "मर सकता है."

बेबीताई वाचली. बरेच दिवस आयसीयूत काढून, मग वॉर्डात, अशी ती घरी आली. सरकारी कार्डावर काही भागलं, पुष्कळसं भागलं नाही. टीनासाठी जमवलेलं सोनं गेलं. कोचिंगचा राहिलेला हप्ता गेला. डबेवाली पोरं हळहळली, एक-दोन जण भेटायलाही आली, आणि दुसरीकडे लागली. पीयूषची परीक्षा झाली त्या दिवशी तो दवाखान्याच्या बाकावर बसला होता. पेपर द्यायला गेलाच नव्हता. हे बेबीताईला फार उशिरा कळलं.

आता तिचं तोंड दोन बोटांपुरतं उघडायचं. भात वरणात कुस्करून, बोटानं आत लोटून खावा लागे. गळ्यावर चिरेची जाड रेघ. आवाज घोगरा, फुटका. हसायला गेली की जबडा ओढला जाई, म्हणून ती हसत नसे. कलावती येऊन बसायची, पण डबी काढायची नाही.

एका सकाळी पीयूष दारात जोडे चढवत होता. रामाजीचे जुने, लोखंडी टोकाचे जोडे. बेबीताई खाटेवरून उठली.

"कुठी चालला?"

"कहीं नहीं मम्मी."

"पीयूष."

तो खाली पाहूनच म्हणाला, "पप्पांच्या कंपनीत. हेल्पर घेऊन राहिले. बस, थोडे दिन. नंतर परत भरतो ना फॉर्म."

तिला ओरडायचं होतं. नाही म्हणायचं होतं, दार अडवायचं होतं. गळ्यातून नुसती हवा आली. रामाजी स्कूटर सुरू करून उभा होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. पोरगा मागे बसला. आता स्कूटरच्या दोन्ही बाजू मोकळ्या होत्या. गल्ली संपेपर्यंत ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. टीनानं येऊन तिला आत नेलं.

संध्याकाळी पीयूष परतला तेव्हा तिनंच पाणी काढून दिलं. त्याच्या कानाच्या पाळीवरची काळी रेघ तिनं ओल्या पदरानं पुसली.

दिवस असे चालले होते. पावसाळा सरता सरता तिच्या लक्षात आलं की रामाजी डाव्या बाजूनंच चावतो. चहा निववून पितो. एकदा तो सुट्टीवर घरी होता, तेव्हा त्याच्या तोंडाला लवंगेचा वास आला.

"कोणती?" तिनं विचारलं.

"काय कोणती?"

"दाढ."

"काई नाही वो. थंड लागते थोडं. पुढल्या महिन्यात पाहू."

 ती उठली, खुंटीवरची स्कूटरची चावी काढली आणि त्याच्या पुढ्यात धरली. तिच्या गळ्यावरच्या रेघेकडे रामाजीची नजर गेली आणि तो चपला घालायला लागला.

सिविक सेंटरच्या दवाखान्यात तीच डॉक्टरीण होती. बेबीताईला पाहून ती उभीच राहिली. टीनाकडून तिला सगळं कळलं होतं. तिनं रामाजीला खुर्चीत बसवलं. बेबीताई बाहेरच्या बाकावर बसली. काचेतून तिला त्याचे पाय दिसत होते. एकदा ते ताठ झाले, मग सैल पडले. कुकरात वरण शिजायला लागतो तेवढाही वेळ झाला नसेल, रामाजी दातांत कापूस धरून बाहेर आला.

"झालं?" बेबीताईनं डॉक्टरणीला विचारलं.

"हो गया आंटी."

"एवढंच असते?"

डॉक्टरणीला मराठी थोडी कळत होती. ती हळू म्हणाली, "बस, इतना ही."

 बाहेर पायरीवर आल्यावर बेबीताई तिथंच खाली बसली, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत, आणि रडली. दवाखान्यात रडली नव्हती, सोनं मोडलं तेव्हा रडली नव्हती. तोंड पुरतं उघडत नसल्यानं रडणंही अडकत, तुटत येत होतं. शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन पाहायला लागला. रामाजीला बोलता येत नव्हतं; अर्धा चेहरा बधिर, तोंडात कापूस. तो तिच्याजवळ पायरीवर बसला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून राहिला.

बराच वेळ गेला. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, त्याचा हात धरून उठली. पीयूषची पाळी सुटायची वेळ होत आली होती; घरी भात टाकायचा होता.