इंजिनाखालचा कागद

मेहरूणला आमच्या समोर राहणारे नाना भुसावळला रेल्वेत फिटर होते. दुसऱ्याचं काम बघताना ते दोन्ही हात पाठीमागे बांधतात.

त्या रविवारी माझ्या जुन्या गाडीचा रेडिएटर मी स्वतःच बदलायला घेतला. धुळ्याला बहिणीला मुलगी झाली होती, संध्याकाळपर्यंत मला तिथे पोचायचंच होतं. नाना शेजारी येऊन उभे राहिले.

"तुम्हीच बसवा ना," मी म्हटलं.

"तूच कर वं माय."

नवा रेडिएटर बसला, पाणी भरलं, गाडी सुरू केली. पाच मिनिटांत खालून टपटप! गळती झाकायला मी दिसेल त्या पाइपावर चिकटपट्टी गुंडाळायला धावले, तर नानांनी मान हलवली. "गळती दपाडू नको. कोठून गळस ते दख."

त्यांनी घरून वर्तमानपत्र आणून इंजिनाखाली पसरलं. ओला डाग बरोबर खालच्या पाइपाच्या तोंडाखाली पडला. इंजिन थंड झाल्यावर मी हात घातला. पाइपाची क्लिप अगदी कडेला बसली होती! ती आत सरकवून आवळली, कोरडा कागद पसरला आणि पुन्हा गाडी सुरू केली. आम्ही दोघं जमिनीला गाल टेकवून बघत राहिलो. इंजिन तापलं, पंखा फिरला, थांबला. कागद कोरडा!

नाना उठले, शर्टाची माती न झटकताच रस्त्यात गेले आणि ओरडले, "बठ्ठा या! पोरनी रेडिएटर बदलं, एक थेंब गळत नही!"

अर्धी गल्ली गाडीखाली वाकली. धुळ्यात पोचल्यावर बाळ बघण्याआधी मी बहिणीला हेच सांगत सुटले.